धुराच्या भांड्यांची नावे

सोलापुरातून हैदराबादच्या रस्त्याला लागले की 'विडी घरकुल' नावाची वस्ती येते. रिक्षावाल्यांच्या आणि पोस्टमनच्या तोंडी हे नाव इतके बसले आहे की त्यातली गंमत आता कोणाला जाणवत नाही. घराला घरकुल म्हणायचे ही सरकारी लाडिक भाषा झाली. तिच्यापुढे विडी येऊन बसली आहे, कारण ही वस्ती विडी वळणाऱ्या बायकांची. मराठी पाटीवर विडी असते. आत राहणारी बाई मात्र 'बीडी' म्हणते, कारण तिच्या घरात तेलुगू चालते आणि बाजारात हिंदी.

या व-बचे भांडण जुने आहे. संस्कृत शब्दाच्या सुरुवातीचा व मराठीने बहुधा जपला, हिंदीने त्याचा ब केला. आपला वाघ त्यांचा बाघ, आपले वीस त्यांचे बीस, विंचू तो बिच्छू, वीज ती बिजली. त्याच चालीने आपली विडी त्यांची बीडी. म्हणजे 'बिडी' म्हणणारा मराठी माणूस हा शब्द बाजारातून उचलतो आणि 'विडी' म्हणणारा आजीकडून घेतो. दोन्ही चालतात, पण मला पाटीवरची विडी आवडते. त्या व-मुळे तिची वंशावळ उघडी दिसते.

ती वंशावळ अशी. संस्कृतात 'वीटिका' म्हणजे नागवेलीच्या पानाची गुंडाळी, तांबूल. वीटक तो विडा आणि वीटिका ती विडी. गाडा-गाडी, दोरा-दोरी, तसेच विडा-विडी. आकार लहान झाला की मराठी शब्दाला ईकार लावते. अमेरिकेतून तंबाखू आपल्या किनाऱ्याला लागायच्या कितीतरी शतके आधी हा शब्द काव्यांत, राजांच्या तांबूलदानांत आणि देवांच्या शेजारतीत रुळला होता. पुढे तंबाखू आली, कोणीतरी ती झाडाच्या पानात गुंडाळली आणि नव्या वस्तूला जुन्या गुंडाळीचे नाव मिळाले. गुंडाळीत सुपारी-कात आहे की तंबाखू, ती चावायची की पेटवायची, याची शब्दाने चौकशी केली नाही.

प्रतिष्ठा मात्र एका मात्रेने बदलली. 'विड्याचे पान' पूजेच्या ताम्हनात असते, 'विडीचे पान' कामगार बाईच्या पाटीत. विडा उचलणे म्हणजे मोठ्या कामाची पैज घेणे. सोलापूरपासून शंभर किलोमीटरवर असलेल्या विजापूरच्या दरबारात अफझलखानाने शिवाजी महाराजांना पकडण्याचा विडा उचलला, अशी बखरींची कथा आहे. विडी उचलणे असा वाक्प्रचार झाला नाही. सोलापुरात उचलतात ती विडीच्या मजुरीवरची उचल.

पानाचीही स्वतंत्र गोष्ट आहे. आज विडी म्हणजे तेंदूचे पान हे समीकरण झाले आहे, पण ते पहिल्यापासून तसे नव्हते. गुजरातच्या बाजूला आपट्याच्या पानात तंबाखू गुंडाळत. होय, दसऱ्याला आपण सोने म्हणून वाटतो तोच आपटा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुजराती व्यापारी जबलपूरच्या बाजूला गेले. तिथल्या जंगलातले एक पान त्यांना आपट्यापेक्षा सरस ठरले. ते लवचिक, वाळल्यावर न तडकणारे आणि सावकाश जळणारे. संस्कृतात त्या झाडाचे नाव तिंदुक, त्यावरून हिंदीत तेंदू. गोंदिया-गडचिरोलीच्या मराठीतही हंगाम 'तेंदूपत्त्या'चाच असतो, कारण ठेकेदार हिंदी बोलत आला. मराठीचे आपले नाव टेंभुर्णी. पुणे-सोलापूर महामार्गावर माढा तालुक्यात टेंभुर्णी गाव लागते, तिथे एसटी चहाला थांबते. खिडकीतून पाटी वाचणाऱ्या किती जणांना ते विडीच्या झाडाचे नाव आहे हे ठाऊक असेल? तेलुगूत तेच झाड 'तुनिकी' आणि पान 'तुनिकाकु'. म्हणजे सोलापूरच्या बाईच्या पाटीतले एकच पान जंगलात टेंभुर्णीचे, लिलावात तेंदूचे आणि तिच्या घरात तुनिकीचे.

ही बाई तेलुगू का बोलते हे थोडक्यात सांगितले पाहिजे. एकोणिसाव्या शतकापासून तेलंगणातले पद्मशाली विणकर सोलापुरात येत राहिले आणि शहराच्या ज्या बाजूला वसले तिला गावात 'पूर्व भाग' म्हणतात. पुरुष मागावर किंवा गिरणीत, बायका विडीवर, अशी कामाची वाटणी झाली. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, यंत्रमागाला कधी तेजी कधी मंदी आली. विडीची हजारामागची मजुरी घरात येत राहिली. कुंभारीला कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत २००६ मध्ये उभी राहिली, तीही विडी कामगार स्त्रियांच्या लढ्यातून. सोलापूरची ओळख चादरीने होते, ते ठीकच आहे. पण चादरीइतकीच या शहराची चूल विडीने पेटवली, आणि शब्दांच्या बाबतीत विडी चादरीपेक्षा श्रीमंत आहे.

ती श्रीमंती क्रियापदांत आहे. मराठीत आपण विडी 'वळतो'. वाती वळतात, लाडू वळतात, दोर वळतात. बोटांच्या पेरांनी गोल फिरवून आकार देणे म्हणजे वळणे. तेलुगू बाई म्हणते 'चुट्टू', म्हणजे गुंडाळणे, भोवती वेढणे. डोक्याला पागोटे बांधतात तेही चुट्टूच. या धातूपासून तेलुगूत 'चुट्टा' झाला, म्हणजे नुसत्या तंबाखूच्या पानाची जाड गुंडाळी. तमिळमध्ये तिचे नाव 'सुरुट्टु'. तो शब्द गोऱ्यांच्या जहाजांवर चढून 'चिरूट' होऊन जगभर फिरला आणि परत येऊन मराठी कादंबऱ्यांतल्या साहेबाच्या तोंडात जाऊन बसला. साहेबाचा चिरूट आणि पूर्व भागातल्या बाईचे चुट्टू एकाच घराण्यातले, हे दोघांनाही कधी कळले नसेल.

आणि कन्नड? अक्कलकोट-दक्षिण सोलापूरच्या बाजूला कन्नड घरोघर आहे. कन्नडमध्ये विडी 'कट्टु', म्हणजे बांधतात. गुंडाळून झाल्यावर बारीक दोऱ्याची जी फेरी देऊन गाठ मारतात, ती कन्नडला महत्त्वाची वाटली. या 'कट्टु'ला मराठी बांधण्यासारखेच दोन अर्थ आहेत: गाठ बांधणे आणि घर बांधणे. मराठीत आपण बसतो तो कट्टा याच कुळातला. एकच कृती, मराठीने त्यातले फिरणारे बोट पाहिले, तेलुगूने वेढणारे पान, कन्नडने शेवटची गाठ.

ओढण्याच्या बाबतीत तर मौज आणखी. मराठी माणूस विडी ओढतो. फारसीतही ओढणेच आहे. 'कशीदन' म्हणजे ओढणे, त्यावरून 'कश'. हिंदीवाला बीडी पितो. तेलुगूतही 'तागु', म्हणजे पिणे. कन्नडमध्ये विडी 'सेदु', आणि सेदु म्हणजे शेंदणे, विहिरीतून दोराने पाणी वर काढणे. धूर छातीत ओढायला विहिरीचे क्रियापद ज्याने लावले, तो माणूस नक्कीच दुष्काळी मुलखातला असणार. सोलापूरच्या एखाद्या टपरीपुढे चार माणसे एकाच काडीवर विड्या पेटवतात तेव्हा एक ओढत असतो, दोघे पीत असतात, एक शेंदत असतो. सरकारी पाटी या सगळ्यांना 'धूम्रपान करू नये' असे बजावते. तिथे वैयाकरण कुरकुरतो तो वेगळाच, कारण धूर म्हणजे धूम आणि धूम्र म्हणजे धुरकट रंगाचा. शुद्ध शब्द 'धूमपान'. पण २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी बंदी आली, पाट्या रंगल्या, आणि र-कार आता निघणे नाही.

हे सगळे मनात घोळायला कारण झाले ते डॅनिश पाईपांचे वेड. जुने डॅनिश पाईप जमवणारे हौशी लोक जगभर आहेत. ब्रायर नावाच्या लाकडातून कोरलेले, गुळगुळीत, वळणदार पाईप. ते ओढण्यापेक्षा हातात धरून, फिरवून, लाकडाचे पोत न्याहाळून ठेवण्यातच त्यांना अधिक सुख. आपल्याकडे पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, पानाचे डबे असे काय काय जमवून अख्खे संग्रहालय उभे केले, तेव्हा हे वेड आपल्याला समजायला हरकत नाही. मला मात्र त्या वस्तूंपेक्षा त्यांच्या नावांची उत्सुकता वाटते.

'पाईप' हा शब्द सोलापुरात उच्चारला तर आधी उजनी धरणाचे पाणी आठवते. पाईप म्हणजे जलवाहिनी. तोंडात धरायचा पाईप ही सिनेमातल्या वडिलांची गोष्ट. पण हा शब्द मुळात ना पाण्याचा ना धुराचा. लॅटिनमध्ये 'पीपारे' म्हणजे पाखरासारखे चिवचिवणे. त्यावरून चिवचिव आवाज काढणारी नळी, म्हणजे पावा, ती 'पीपा'. पाव्यावरून कोणतीही पोकळ नळी, आणि शेवटी धुराची नळी. डॅनिशमध्ये तिला 'पीबे' म्हणतात, जर्मनमध्ये 'फाइफं'. आपली पिपाणी या नात्यात नाही, ती स्वतःच्याच आवाजातून जन्मली. पण आवाजावरून नाव ठेवायची खोड तीच. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत निवडणूक चिन्हांतली तुतारी कोणती आणि पिपाणी कोणती यावरून माढ्यापासून साताऱ्यापर्यंत जो घोळ झाला, त्याने फुंकायच्या नळ्यांची नावे किती नाजूक असतात ते दाखवलेच.

खरी मौज पुढे आहे. हाच लॅटिन 'पीपा' मराठीत इंग्रजांच्या आधी येऊन बसला आहे, आणि तो रोज आपल्या न्हाणीघरात असतो: पिंप. पोर्तुगीजांच्या तोंडी 'पिपा' म्हणजे दारूचे लाकडी पीप. नळीवरून नळकांडे, नळकांड्यावरून पीप, अशी अर्थाने फुगत फुगत ती वस्तू झाली आणि घमेले, परात, चावी, पगार यांच्याबरोबर किनाऱ्याला उतरून मराठी झाली. उजनीचे पाणी पाईपातून पिंपात पडते तेव्हा एकाच शब्दाची दोन नातवंडे तीन-चारशे वर्षांनी भेटतात. तंबाखूही पोर्तुगीजांनीच आणली, पण तिच्या पाईपचा शब्द दिला नाही. त्यांच्या भाषेत ओढायच्या पाईपला 'काशिंबू' म्हणतात आणि तो त्यांनीच आफ्रिकेतल्या किंबुंडू भाषेतून उचललेला. तो आपल्याकडे पोचला नाही, कारण आपण नळीसाठी वायव्येकडे, इराणकडे पाहिले.

ब्रायरची गोष्ट तर अगदी सोलापूरसारखी. भूमध्य समुद्राच्या काठी झुडपासारखी एक वनस्पती वाढते, फ्रेंचमध्ये तिचे नाव 'ब्रुयेर'. तिच्या मुळाशी गाठ धरते, ती गाठ ऊन-आग सोसते आणि जळत नाही, म्हणून पाईपला योग्य. इंग्रजाने शब्द ऐकला तो ब्रुयेर. त्याच्या भाषेत आधीच 'ब्रायर' होता, त्याचा अर्थ काटेरी झुडूप. त्याने नवे नाव जुन्या काट्यात अडकवले. आज निम्मे लोक समजतात की हे पाईप गुलाबासारख्या काटेरी झाडाचे असतात. सोलापूरचे तसेच. सोळा पुरे म्हणून सोलापूर, असे शाळेत शिकवले जाते, कारण सोळा हा आकडा कानाला ओळखीचा. पण बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांचे गाव कन्नड परंपरेत 'सोन्नलिगे' आहे, आणि सोन्नलिगेचे सोन्नलापूर, त्याचे सोलापूर, हा मार्ग मला सोळा पुरांपेक्षा पटतो. अनोळखी शब्द दिसला की लोक त्याला आपल्या ओळखीचा अंगरखा घालतात. त्यात फसवणूक नसते, आदरातिथ्य असते.

ब्रायर डेन्मार्कमध्ये उगवत नाही. लाकूड भूमध्याच्या काठचे, तंबाखू अमेरिकेची, तरी पाईप 'डॅनिश'. तसे पाहिले तर सोलापूरच्या विडीचेही पान जंगलातले, तंबाखू निपाणीकडची किंवा गुजरातची, बोटे तेलंगणाची. वस्तूला गावाचे नाव मिळते ते कच्च्या मालामुळे नसते, हातामुळे असते. डेन्मार्कमध्ये हे हात कसे आले ती कथा चटकदार आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडचे पाईप यायचे बंद झाले आणि ब्रायरही दुर्मिळ झाले, तेव्हा पॉल नील्सन नावाच्या माणसाने डॅनिश लाकडाचे पाईप करायला घेतले. युद्ध संपल्यावर ब्रायर मिळू लागले; मालाला इंग्रजी वास यावा म्हणून त्याने छाप काढली 'स्टॅनवेल'. ती इतकी चालली की नील्सनने स्वतःचे आडनाव बदलून स्टॅनवेल करून टाकले. दुकानाला मालकाचे नाव देतात. इथे मालकाने दुकानाचे नाव घेतले. त्याच सुमारास कोपनहेगनमध्ये सिक्स्टन इवार्सन हा जन्माने स्वीडिश कारागीर पाईप दुरुस्त करत होता. दुरुस्ती करता करता तो स्वतः पाईप कोरू लागला, लाकडाच्या रेषा जिकडे वळतील तिकडे पाईप वळवू लागला, आणि स्टॅनवेलसाठी त्याने आकार आखून दिले. १९१० मध्ये जन्मलेला हा माणूस २००१ मध्ये गेला. त्याच्या नावाचा ठसा असलेला तुकडा मिळाला की संग्राहक हरखून जातात.

नळीचा खरा आद्य रसिक मात्र आपल्या शेजारी होऊन गेला. १६०४-०५ च्या सुमारास अकबराचा अधिकारी असद बेग विजापूरला आला. काम राजकारणाचे: इब्राहिम आदिलशहाची मुलगी शहजादा दानियालसाठी न्यायची. विजापुरात त्याला तंबाखू दिसली. उत्तरेत त्याने ती कधी पाहिली नव्हती. ती त्याने बरोबर घेतलीच, पण तेवढ्यावर तो थांबला नाही. आग्र्याला नेण्यासाठी एक नळी सजवून घेतली. तीन हात लांब, वाळवून रंगवलेली, दोन्ही टोकांना जडावाचे आणि मिन्याचे काम. तोंडाशी येमेनच्या अकीकाचा लंबगोल तुकडा. पेटवायला सोन्याचे पात्र. आजच्या कोणत्याही पाईप-संग्राहकाने मान डोलवावी असे हे वर्णन त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. त्यातल्या एका तपशिलावर मी नेहमी अडतो. आदिलशहाने त्याला पानाची एक उंची पिशवी भेट दिली होती, तीत असद बेगने तंबाखू भरली. वीटिकेच्या पिशवीत तंबाखू! विडा-विडीचा जो प्रवास शब्दाला करायला कैक पिढ्या लागल्या, तो विजापूरहून आग्र्याला जाणाऱ्या एका पिशवीत होऊन गेला. अकबराने दोन-चार झुरके घेतले, हकिमाने अडवले, बादशहाने नाद धरला नाही; दरबारी उमरावांनी मात्र धरला.

या हकिमांवरून आठवले. हुक्का अकबराच्या पदरच्या हकीम अबुल फतह गिलानीने शोधला असे बेधडक लिहिले जाते. तो १५८९ मध्ये वारला. असद बेगची तंबाखू आग्र्याला पोचली तेव्हा हकीम जाऊन पंधरा वर्षे झाली होती. हुक्का आधी आणि तंबाखू नंतर असे मानायचे असेल तर माना.

'हुक्का' अरबी आहे आणि त्याचा मूळ अर्थ डबी, गोल पेटी. म्हणजे हुक्का हे नाव खालच्या पाण्याच्या भांड्याचे. गुडगुडी हे त्या भांड्यातल्या आवाजाचे. चिलीम फारसीतून आली. तिथे ती हुक्क्याच्या माथ्यावरची, निखारा-तंबाखू ठेवायची वाटी. आपल्याकडे पाणी गेले, नळी गेली, वाटीच लांबट होऊन एकटी हातात उरली आणि तिचे नाव चिलीम राहिले. तुर्कस्तानात हुक्क्याला 'नार्गिले' म्हणतात. नार्गिल म्हणजे फारसीत नारळ, आणि तो आपला 'नारिकेल'. करवंटीत पाणी भरून हुक्का करत, म्हणून इस्तंबूलच्या चहाच्या दुकानातला श्रीमंत काचेचा हुक्कासुद्धा नावाने कोकणातला नारळच आहे.

या सगळ्यात एक सूत मला वारंवार हाती लागते: धुराला कोणी नाव दिले नाही. ज्यातून धूर येतो त्याला दिले. विडी ही गुंडाळी, चिरूट ही गुंडाळी, हुक्का डबी, नार्गिले करवंटी, पाईप नळी. आणि खुद्द तंबाखू? स्पेनचा ओव्हिएदो १५३५ मध्ये लिहितो की कॅरिबियन बेटांवरचे लोक 'ताबाको' म्हणतात ते त्या पानाला नव्हे. दोन फाटे असलेल्या एका नळीला म्हणतात, फाटे नाकपुड्यांत धरून धूर ओढतात. लास कासास या दुसऱ्या स्पॅनिश लेखकाच्या मते ताबाको म्हणजे पानांची पेटवायची गुंडाळी. नळी म्हणा की गुंडाळी म्हणा, वनस्पतीचे ते नाव नव्हते. गोऱ्यांनी भांड्याचे नाव आतल्या वस्तूला लावले. फारसीत जाऊन त्याला अनुनासिक मिळाला, तंबाकू झाला, मराठीत येऊन तंबाखू. पंडितांना परकेपणा सोसेना, त्यांनी 'तमाखु' आणि 'ताम्रकूट' घडवले. ताम्रकूट म्हणजे तांब्याचा ढीग. त्याचा तंबाखूशी संबंध फक्त कानाचा.

पंडितांना खरे तर इतका आटापिटा करायची गरज नव्हती, निदान नळीसाठी तरी. चरकसंहितेत औषधी धूर ओढायच्या नळीला 'धूमनेत्र' असा देखणा शब्द आहे. नेत्र म्हणजे इथे डोळा नाही; नेणारा तो नेत्र. नळी सरळ हवी, तीन भागांची हवी, टोकाचे छिद्र बोराच्या बीएवढे हवे, लांबी धुराच्या प्रकाराप्रमाणे २४ ते ३६ अंगुळे, असे मोजमाप चरकाने दिले आहे. कोपनहेगनच्या कारागिराने वाचले असते तर त्याला आपलाच माणूस वाटला असता. मराठीने मात्र धूमनेत्र विसरून टाकला.

मराठीने जे जपले ते लहान शब्द. चिलमीच्या तोंडाशी ओले फडके गुंडाळतात, ती 'छापी'. साईबाबांच्या चरित्रात चांदभाई पाटलांची हरवलेली घोडी सापडते त्या प्रसंगात चिलीम तयार आहे, पण विस्तव नाही आणि छापी भिजवायला पाणी नाही. चिमटा जमिनीत खुपसून आणि सटका आपटून बाबा दोन्ही काढतात. ते चरित्र लिहिणाऱ्या हेमाडपंतांनी छापी हा शब्द जसाच्या तसा वापरला, म्हणून भाविकांच्या घरी तो शिल्लक आहे. हिंदी मुलखात त्याच फडक्याला साफी म्हणतात; साफी म्हणजे गाळणारी, अरबी 'साफ'ची लेक. छापी तिचीच बहीण, असा माझा कौल. तंबाखू ठेवायची कप्प्यांची पिशवी 'चंची', ती कन्नड-तेलुगू 'संची'वरून. संची म्हणजे साधी पिशवी. आणि तपकीर. नाकात ओढायची ही पूड आता कोणी फारशी वापरत नाही, पण तिने मराठीला एक आख्खा रंग दिला. इंग्रजी ब्राऊनला आपल्याकडे सर्रास 'तपकिरी' म्हणतात. डॅनिश पाईपचा रंग मराठीत सांगायचा झाला तर तपकिरीच्याच आधारे सांगावा लागतो.

पाईपवर ठसा असतो तशी विडीच्या बंडलावर छाप असते. पुण्याच्या साबळे वाघिरे कंपनीची 'संभाजी विडी' महाराष्ट्रभर पिढ्यान्‌पिढ्या चालली. छत्रपतींचे नाव विडीला नको, म्हणून आंदोलन झाले, आणि २०२० नंतर ती 'साबळे विडी' झाली. मला हा बदल योग्य वाटला. पायाखाली येणाऱ्या कागदावर ते नाव नकोच होते. नील्सनचा स्टॅनवेल झाला, संभाजीची साबळे झाली. धूर तोच राहिला.

विडी वळणारीच्या भाषेत मात्र छापेपेक्षा 'छाट' हा शब्द मोठा. कारखान्यात माल द्यायला गेले की तपासणारा विड्या हातात घेतो आणि सैल, आखूड, फाटक्या पानाच्या म्हणून काही बाजूला काढतो. त्या छाट, छाटणे धातूवरून. छाट निघालेल्या विडीची मजुरी मिळत नाही आणि विडीही परत मिळत नाही, ही कामगार स्त्रियांची जुनी तक्रार. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याखाली राज्यांनी नियम केले, त्यांच्या इंग्रजी मजकुरात हा देशी शब्द तसाच राहिला. तेलुगूत सुपाला 'चाट' म्हणतात. पान, तंबाखू आणि दोरा घेऊन बाई सकाळी बसते ते ही चाट मांडीवर घेऊन. चाट तिच्या आईच्या भाषेतली, छाट तपासणाऱ्याच्या भाषेतली. पूर्व भागात बोलणे कानावर पडले तर दोन्ही एकाच वाक्यात येतात आणि ह-काराकडे नीट लक्ष दिले नाही तर ती बाई सुपाविषयी बोलते आहे की मजुरीविषयी, ते कळत नाही.